राखेनं घासलेला फोटो

१२ नोव्हेंबर १९५६, सोमवार. बारामतीच्या घरी कंदिलाच्या काचा घासायच्या होत्या. राख काढून ठेवली आणि पाणी आणायला आडावर गेले. परत येते तो सासूबाई कामाला बसलेल्या. काचा बाजूलाच; मांडीवर थोरल्या जाऊबाईंचा एक्स-रे आणि हातात राखेची ओली चिंधी.

जाऊबाईंना गर्भाशयाच्या तोंडाशी कर्करोग निघाला होता. शनिवारी पुण्यात त्यांच्या शिरेत औषध टोचून पोटाचा हा फोटो काढला होता. मूत्रपिंडांपासून खाली येणारी वाट मोकळी दिसली तर रेडियम लावू, नाहीतर अवघड आहे, असं तिथं सांगितलं होतं. ते ठरवणारे डॉक्टर बुधवारी भेटणार, म्हणून फोटो घरी आणलेला.

मी तो हिसकावून घेतला. "आत्याबाई, हे काय केलंत?"

"काळंमिट्ट हुतं की! एवढ्या लांबनं आणलं, ते बी काजळी धरलेलं. तुमाला कुनी बी फसवतं."

जाऊबाई मेथी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "घासू द्या की. माझं दुखनं बी निघंल त्यात."

हसल्या खऱ्या, पण निवडलेली पानं देठांच्या ढिगात टाकत होत्या.

फोटोची वरची कड काचेसारखी आरपार झाली होती. ओल्यावर फडकं लावलं तर उरलेलंही जाईल, म्हणून वाळेपर्यंत दोन बोटांत धरून उभी राहिले. मग तडक गावातल्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गाठला. त्यांनी फोटो खिडकीशी धरला.

"या दोन पांढऱ्या रेघा बघा. दोन्हीकडून नीट खाली आल्यात. मला तरी कुठं अडलेलं दिसत नाही. हाच घेऊन जा."

"आणि घासलेलं?"

"तिथं बरगड्या होत्या. त्यांना कोण विचारतंय!"

घरी येऊन सांगितलं. जाऊबाईंनी देठांतली पानं परत वेचायला घेतली. सासूबाई म्हणाल्या, "बघा, मी बरूबर जागा बघूनच घासलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोटो दोन पाटांच्या मधे घालून नाडीनं आवळला. गाठीवर सासूबाईंनी बोट धरलं. त्याहून जास्त मी त्यांना काही करू दिलं नाही. मग जाऊबाईंना पुढं घातलं आणि पुण्याला जायला दौंडची गाडी पकडली.