डब्याची सीट

चौबळसाहेब आपल्या डब्याला सीट बेल्ट लावत. शारजाहून हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या पॅकेजिंगच्या फॅक्टरीपर्यंत आम्ही त्यांच्याच गाडीतून जायचो. पुढे साहेबांच्या शेजारी अकाउंट्सचे नायर, मागे एका खिडकीशी मी आणि दुसऱ्या खिडकीशी चौबळवहिनींनी भरलेला चार कप्प्यांचा डबा. पहिल्या दिवशी मी तो मांडीवर घ्यायला गेले, तर साहेब म्हणाले, "राहू द्या बाई. आत आमटी आहे. ती आडवी झाली की माझा सगळा दिवस आडवा होतो. नोंद घ्यावी."

"नोंद घ्यावी" हा त्यांचा पूर्णविराम होता. त्यांना खरं तर वकील व्हायचं होतं. वडिलांनी नाशकात डिप्लोमाला घातलं, डिप्लोमाने आखातात धाडलं आणि ते प्रॉडक्शन मॅनेजर झाले. पण कोर्ट काही डोक्यातून गेलं नाही. ऑफिसात एसी किती थंड ठेवायचा यावरून दोघं हमरीतुमरीवर आले, की साहेब खुर्ची ओढून मध्ये बसत आणि पहिल्याचं ऐकून झालं की हात वर करून विचारत, "दुसरी बाजू?" मग निकाल. निकाल बहुधा कोणालाच पटत नसे आणि एसी होता तसाच राही. पण आपलं कोणीतरी ऐकून घेतलं, या समाधानात दोघंही जागेवर जात. एचआरमध्ये असून मला हे कधी जमलं नाही.

त्या उन्हाळ्यात अमेरिकेत एका खटल्याचा निकाल लागला. एका काळ्या तरुणाच्या मृत्यूबद्दल गोऱ्या पोलिसावर खटला चालला होता आणि ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. आमच्या कॅन्टीनचा अमेरिकेशी संबंध केचपपुरता, तरी तिथे सरळ दोन टेबलं पडली. एका टेबलावर "कोर्टाने सोडलं ना, खलास" म्हणणारे, दुसऱ्यावर "पोरगा गोरा असता तर मेलाच नसता" म्हणणारे. एरवी एकमेकांच्या ताटातलं खाणारी माणसं तोंडं फिरवून जेवू लागली. साहेब दुसऱ्या टेबलाचे पुढारी होते, नायर पहिल्या टेबलाचे. त्यामुळे उरलेली सुनावणी गाडीत चालायची.

"साब, ज्यूरी ने पूरा केस सुना. हमने तो सिर्फ टीवी देखा," नायर शांतपणे म्हणत. त्यात तथ्य नव्हतं असं नाही.

"और जो मर गया, वो बोलने को आया क्या? उसकी बाजू कौन सुनेगा, नायर?" असं म्हणून साहेब स्टिअरिंगवर थाप मारत. खरं सांगते, मला त्यांचं फार कौतुक वाटायचं.

सुट्टीपुरती त्यांची मुलगी सई आमच्याकडे इंटर्न होती. शारजात वाढलेली, मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. ती गाडीत येऊ लागल्यावर मी मधल्या सीटवर सरकले. डबा जागचा हलला नाही.

एके सकाळी साहेब ऐन रंगात असताना इंडस्ट्रियल एरियाच्या सिग्नलला गाडी थांबली. बसस्टॉपवर आमच्याच कंपनीचा निळा शर्ट घालून जोसेफ उभा होता. युगांडाचा हा तरुण साहेबांच्याच हाताखाली मशीनवर काम करायचा. बस त्याला फ्री झोनच्या गेटवर सोडायची, तिथून तो उन्हात चालत यायचा, आणि बस चुकली की उशीर ठरलेला. त्याचं प्रोबेशन संपत आलं होतं. नेहमी उशिरा येतो, तेव्हा कायम करू नका, असं साहेबांनी मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. नोकरी नाही तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर परत आपल्या गावी, कंपालाला.

"बाबा, दॅट्स जोसेफ," सई म्हणाली. "व्हाय डोन्ट वी टेक हिम?"

"अगं, भला मुलगा आहे तो. पण गाडीत आपण मराठी बोलतो. उगाच त्याला परकं वाटायचं."

"नायर अंकल डझन्ट स्पीक मराठी आयदर."

नायरना आपलं नाव ऐकू आलं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मी डब्याकडे पाहिलं. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजू लागले, आणि गाडी निघाली. त्या गाडीत एसीचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी डबा सईच्या मांडीवर होता. बसस्टॉपपाशी साहेबांनी गाडी कडेला घेतली आणि काच खाली केली. "जोसेफ! यल्ला, कम!"

जोसेफ दचकून सावधान उभा राहिला. "सर, आय ॲम नॉट लेट टुडे, सर. बस इज कमिंग."

आरशात मला साहेबांचा चेहरा दिसत होता. मला त्यांची दया आली. "आय नो, आय नो," ते हळूच म्हणाले. "सिट, बेटा."

अर्थात मूळ स्वभाव जायचा कुठे? पुढच्या सिग्नलला साहेबांनी मोठ्या अदबीने जोसेफला त्या निकालाबद्दलचं मत विचारलं, जणू सबंध आफ्रिकेची बाजू मांडायला तो आमच्या मागच्या सीटवर येऊन बसला होता. जोसेफने प्रामाणिकपणे विचार केला. "सर, आय ॲम फ्रॉम कंपाला. आय हॅव नेव्हर बीन टू अमेरिका." नायरना एकदम खोकल्याची उबळ आली.

त्या दुपारी साहेब माझ्या टेबलापाशी आले. "बाई, जोसेफचा निकाल मी मागे घेतो. त्याला कायम करा. मी दुसरी बाजू ऐकलीच नव्हती. रोज बसस्टॉपवर उभी होती ती."

"नोंद घेतली," मी म्हटलं. जोसेफ कायम झाला. त्यानंतर तो कधी उशिरा आला असेल, तर साहेबांनाच उशीर झाला म्हणून.

गेल्या वर्षी साहेब निवृत्त होऊन नाशिकला गेले. कॅन्टीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला, दोन्ही टेबलं जोडून. जोसेफ बोलायला उठला. इंग्रजीत तो जे बोलला ते असं: "मी बसस्टॉपवरून सरांची गाडी रोज बघायचो. मागच्या एका सीटवर माणूस नसायचा, पण बेल्ट लावलेला असायचा. मला वाटायचं, यांच्यातलं कोणीतरी आजारी आहे आणि सर त्याची जागा राखून ठेवतात. किती चांगला साहेब! मी चर्चमध्ये त्या माणसासाठी प्रार्थना करायचो. मग ती जागा मलाच मिळाली, आणि विचारायचा धीर झाला नाही. सर, तो माणूस आता कसा आहे?"

तो थट्टा करत होता की मनापासून विचारत होता, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. गाडीतले आम्ही सगळे खाली मान घालून बसलो.

साहेब उठले. खिशात भलंमोठं भाषण तयार होतं, ते त्यांनी काढलंच नाही. "ही इज बेटर, जोसेफ," ते म्हणाले. "मच बेटर. बट ट्रीटमेंट इज स्टिल गोइंग ऑन."

एवढंच बोलून ते खाली बसले. "नोंद घ्यावी" म्हणायचंही विसरले. इतक्या वर्षांत नायर मराठीतलं तेवढंच शिकले होते. ते त्यांनी म्हटलं.