एकच इफेक्ट, शेवटपर्यंत

सरकारने शिक्षकांना संगणकाचा कोर्स सक्तीचा केला, तेव्हा मी घोडेगावात एका खासगी क्लासमध्ये शिकवत होते. वय तेवीस. समोर बसायचे ते माझ्या वडिलांच्या वयाचे गुरुजी. त्यातले एक आहुप्याकडच्या डोंगरातल्या एका वाडीवर शिकवायचे. एसटीने दीड-दोन तास हेलकावे खात यायचे, पण त्यांनी कधी दांडी मारली नाही.

स्लाइड शिकवायला लागले तसा सगळ्यांना ॲनिमेशनचा नाद लागला. एक ओळ वरून पडायची, दुसरी गरगर फिरत यायची, तिसरी एकेक अक्षर टाइपरायटरच्या आवाजात. आहुप्याकडचे गुरुजीही हरखले. म्हणाले, "लई भारी हाय की हे, बाई!"

मी त्यांना बसवून समजावलं. शीर्षकाला एक इफेक्ट, मुद्द्यांना एक, आणि तेच शेवटच्या स्लाइडपर्यंत. प्रत्येक ओळ वेगळी नाचली तर माणूस नाच बघतो, वाचत नाही.

ते म्हणाले, "मी फळ्यावर तारीख रोज एकाच कोपऱ्यात लिहितो. पोरांना शोधावी लागत न्हाई. तसंच ना हे?"

इतकं नेमकं मला स्वतःलाही सांगता आलं नव्हतं.

त्यांनी त्यांच्याकडच्या हिरड्याच्या झाडावर दहा स्लाइड केल्या. पान, मोहर, फळ, वाळवण. फोटो गावातल्या एकाच्या कॅमेऱ्याने काढून आणले होते. माऊस हातातून निसटायचा, तरी एकेक इफेक्ट तपासून सारखा केला. आठव्या स्लाइडवर एक ओळ चुकून उजवीकडून येत होती, तीही त्यांनीच पकडली.

कोर्स संपता संपता शिक्षकांचं एक शिबिर झालं. प्रोजेक्टर चालवायला मी होते. गुरुजींच्या आधी एका तरुण शिक्षकाने सादरीकरण केलं. ग्रहमाला. अक्षरं उड्या मारत होती, मध्येच टाळ्यांचा आवाज. सभागृह खूश. मग गुरुजी उठले. त्यांच्या ओळी डावीकडून शांतपणे येत राहिल्या. ते हिरडा फोडून वाळवायचं सांगत होते, तेवढ्यात पाहुणे म्हणून आलेले अधिकारी हसून म्हणाले, "गुरुजी, हे तर नुसतं पुस्तक झालं. काही हालत-डुलत नाही?"

लोक हसले. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं.

अधिकारी माझ्याकडे वळले. "मॅडम, यांना ॲनिमेशन शिकवलं नाही का तुम्ही?"

क्लासचे मालक पहिल्या रांगेत बसले होते. पुढच्या शिबिरांचं काम आम्हालाच मिळावं म्हणून त्यांची धडपड चालली होती. मी म्हणाले, "शिकवलंय, सर. त्यांना जमलं नाही."

गुरुजींनी उरलेल्या तीन स्लाइड दाखवल्याच नाहीत. "संपलं," म्हणाले आणि खाली बसले.

दुपारी मी त्यांना स्टँडवर गाठलं. ते आहुप्याच्या गाडीची वाट बघत उभे होते. "गुरुजी, मघाशी माझं—"

"ऱ्हाऊ द्या. तुमाला नोकरी हाय." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी कोर्सच्या परीक्षेच्या फॉर्मला फोटो किती लागतात ते विचारलं. मी सांगितलं, दोन. गाडी आली.

परीक्षा ते पास झाले. सर्टिफिकेट न्यायला मात्र दुसऱ्या कुणाला पाठवलं. पुढे त्यांच्याकडच्या एका शिक्षकाकडून कळलं, शाळेला संगणक मिळाला तेव्हा गुरुजींनी त्याला हात लावला नाही. "ते आपल्याला जमत न्हाई," म्हणायचे.

शिबिरांचं काम आमच्या क्लासला मिळालं. मी पाच वर्षं शिकवलं. ओळी गरगर फिरवायला, वरून पाडायला, टाळ्या वाजवायला. कुणी विचारलंच, "मॅडम, सगळीकडे एकच ठेवू का?" तर म्हणायचे, "ठेवा तुम्हाला आवडेल तसं."