उलट्या तारांची गिटार

गिटार केसमधून काढून मी कर्णिक काकांच्या हातात दिली आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. काकांनी ती एकदा इकडून धरली, एकदा तिकडून धरली. मग तिच्या मानेच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"इथले गुलाबी ठिपके कुठे गेले?"

"पुसले ना," मी म्हणालो. "कुणीतरी नेलपॉलिश सांडलं होतं. ॲसिटोन लावून अर्धा तास घासलंय. आता बघा कशी झकास दिसते."

"आणि तारा?"

"त्या पण कुणा गाढवाने उलट्या क्रमाने लावल्या होत्या. सरळ केल्या."

काका सोफ्यावर बसले. "मिलिंद," ते म्हणाले, "सबनीस डावखुरा आहे रे."

मी गेली सव्वीस वर्षं गिटार रिपेअर करतो. गोरेगावला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा दहा बाय बाराचा गाळा आहे. डाव्या बाजूला प्लास्टिकच्या बाटल्या बनतात, उजव्या बाजूला काय बनतं ते मला अजून कळलेलं नाही. मधे मी एकटा. सव्वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने नक्की काय करून ठेवलं होतं, ते आता सांगतो.

उजव्या हाताने वाजवणारा गिटार धरतो तेव्हा जाड तार वर असते आणि बारीक तार खाली. डावखुरा माणूस तीच गिटार फिरवून धरतो, त्यामुळे सगळं उलटं होतं. मग काही जण तारांचा क्रम बदलून घेतात. पण नुसत्या तारा बदलून भागत नाही. गिटारच्या वरच्या टोकाला हाडाची एक बारीक पट्टी असते, तिला नट म्हणतात. तिच्यात सहा तारांसाठी सहा खाचा असतात, जाड तारेची जाड, बारीक तारेची बारीक. खालच्या टोकाला तशीच दुसरी पट्टी असते, ती सॅडल. ती किंचित तिरकी बसवलेली असते, नाहीतर सूर चुकतात. डावखुऱ्यासाठी नट नवा करावा लागतो आणि सॅडलचा तिरकेपणा उलटा करावा लागतो. कुणीतरी जुन्या चांगल्या कारागिराने या गिटारीवर हे सगळं व्यवस्थित केलेलं होतं.

मी ते सगळं व्यवस्थित मोडलं.

बरं, पुरावे काय कमी होते? गिटारीच्या पोटावर प्लास्टिकचं एक पान चिकटवलेलं असतं, तारा छेडायच्या पिकचे ओरखडे लाकडावर पडू नयेत म्हणून. हिच्यावर ओरखडे पानाच्या बरोबर विरुद्ध बाजूला, उघड्या लाकडावर होते. मी मनात म्हणालो, वाजवणाऱ्याचा नेम वाईट आहे. पट्टा अडकवायचं बटण भलत्या बाजूला होतं. मी म्हणालो, ड्रिल मारणारा शिकाऊ होता. बोटं कुठे ठेवायची ते कळावं म्हणून मानेच्या वरच्या कडेला ठिपके असतात. हिच्या दोन्ही कडांना होते, एका कडेला कंपनीचे पांढरे आणि दुसरीला हाताने काढलेले गुलाबी. ठरावीक अंतरावर, एकाखाली एक, सहा ठिपके. नेलपॉलिश इतकं शिस्तीत सांडत नाही, हे मला अर्धा तास घासूनही सुचलं नाही.

आणि काकांनी सांगितलं होतं एवढंच, "ॲक्शन खाली कर." ॲक्शन म्हणजे तारांची उंची. ती जास्त असली की तार दाबताना बोटं दुखतात. दीड-दोन तासांचं काम. वरचं सगळं मी स्वतःच्या हुशारीने केलं होतं.

"सबनीस कोण?" मी विचारलं.

सबनीस म्हणजे काकांचे घाटकोपरच्या ऑफिसमधले दोस्त. दोघांची टेबलं तीस वर्षं समोरासमोर. चाळिशी उलटल्यावर सबनीस गिटार शिकले आणि मग मुलुंडला काकांच्या घरी येऊन त्यांनी काकांना शिकवली. काका म्हणाले, "तो समोर बसायचा. डावखुरा, त्यामुळे त्याचा हात जिकडे जाईल तिकडेच माझा. आरशात बघितल्यासारखं. मला नोटेशन वगैरे काही येत नाही. मी सबनीसला बघून वाजवतो."

रिटायर झाल्यावर सबनीस मुलाकडे नाशिकला गेले. गाडीत जागा नव्हती म्हणून गिटार इथेच राहिली. वर्षातून दोनदा ते येतात, दोघं वाजवतात, संध्याकाळी सबनीस परत जातात. मधल्या काळात काका गिटारी विकत घेतात. आतल्या खोलीच्या भिंतीवर तेव्हा अकरा लटकत होत्या. कॅनडाला चाललेल्या पोरांकडून घेतलेल्या, बंद पडलेल्या क्लासमधून उचललेल्या, एक तर चक्क इटालियन. अकरा गिटारी आणि गाणी सहा. ही बारावी सगळ्यांत स्वस्त, प्लायवुडची. तिच्यासाठी मात्र वेगळं कपाट होतं.

"मागच्या वेळी तो म्हणाला, कर्णिक, बोटं दुखतात रे आता, यापुढे नुसता चहा पिऊ," काका म्हणाले. "नुसत्या चहासाठी नाशिकहून कोण येतं? म्हणून तुला दिली. रविवारी येतोय तो."

त्या दिवशी बुधवार होता.

"होईल," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"त्याला कळता कामा नये."

गोरेगाव-मुलुंड लिंक रोडवर रिक्षात गिटार मांडीवर घेऊन मी परत आलो आणि कामाला लागलो. सॅडलची खाच लाकडाने भरली, ग्लू सुकायला रात्रभर ठेवली, दुसऱ्या दिवशी उलट्या तिरकेपणाने कोरली. नटसाठी हाडाचा तुकडा घासायला घेतला. पहिला फुटला. दुसऱ्याची एक खाच केसभर खोल गेली. एरवी मी तिथे पावडर आणि ग्लू भरून गिऱ्हाइकाला पाठवून दिली असती. या वेळी तिसरा केला. अपराधी माणूस फार बारीक काम करतो.

शुक्रवारी नेलपॉलिश आणायला मार्केटमध्ये गेलो. कॉस्मेटिक्सच्या दुकानातल्या बाईंनी तीस बाटल्या समोर मांडल्या.

"मॅडमचा रंग कसा आहे? गोरा, सावळा?"

"मॅडम नाहीयेत."

"मग मुलीला?"

"मुलगी पण नाहीये. गिटारला पाहिजे."

बाईंनी माझ्याकडे जरा दयेने बघितलं. मी सहा गुलाबी शेड अंगठ्याच्या नखावर लावून बघितल्या आणि आठवणीने जी जवळची वाटली ती घेतली. परत आलो तर बाटल्यांच्या कारखान्यातला सुपरवायझर दारातच भेटला. नख बघून म्हणाला, "क्या बात है मिलिंदभाई, शादी-वादी?" सव्वीस वर्षांत त्याने मला विचारलेला हा पहिला खासगी प्रश्न. मी हो म्हणून टाकलं असतं तर निदान गप्पा झाल्या असत्या.

शनिवारी गिटार तयार झाली आणि नवीनच अडचण आली. ती तपासणार कोण? मला डाव्या हाताने वाजवता येत नाही. म्हणजे उजव्या हाताने तरी कुठे वाजवतो? रिपेअर झाली की एक कॉर्ड छेडायची, सूर बघायचे आणि केस बंद करायची. अख्खं गाणं वाजवून मला किती वर्षं झाली, ते आठवेना. शेवटी बेसिनवरचा आरसा काढून टेबलावर उभा केला आणि समोर बसलो. आरशात पन्नाशीचा एक माणूस उजव्या हाताने गिटार वाजवत होता. वाईट वाजवत होता, पण सोबत होती. चार वाजेपर्यंत आम्ही दोघांनी एक गाणं कसंबसं पूर्ण केलं. सूर पक्के होते. तारा इतक्या खाली आणि तरी कुठे खरखर नाही, असा सेटअप मी आयुष्यात दोन-तीनदाच केला असेल.

रविवारी काकांनी मलाही बोलावून घेतलं, काही बिघडलंच तर असावा म्हणून. सबनीस आले. उंच, वाकलेले, मुलाने गाडीने आणून सोडलेले. मुलगा खाली गाडीत फोनवर बोलत बसला. सबनीसांनी गिटार घेतली, एक कॉर्ड दाबली आणि थांबले.

"कर्णिक, ही माझीच का रे?"

"मग काय माझी? माझ्या सगळ्या उजव्या आहेत."

"ठिपक्यांचा रंग वेगळा वाटतो. सूनबाईंनी काढले होते तेव्हा जांभळट होते."

"डोळे तपास," काका म्हणाले. मी पंख्याकडे बघत होतो.

मग दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले. सहाच्या सहा गाणी झाली. काकांची नजर सबनीसांच्या बोटांवरून हलत नव्हती. सबनीसांचा हात वर सरकला की यांचा सरकायचा. मधे चुकले तेही दोघं एकदमच. वाजवणं तसं बेताचंच होतं. तरी मी चहा प्यायचा विसरलो.

"बोटं अजिबात दुखत नाहीयेत," सबनीस माझ्याकडे वळून म्हणाले. "काय केलंत काय तुम्ही?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण चार दिवसांत माझ्या कामाबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी नटपासून सुरुवात केली आणि माझी चूक तेवढी वगळून सॅडलपर्यंत गेलो.

"आणि परत बिघडली तर? नाशिकला कोण बघणार?" सबनीसांनी विचारलं.

"पाच वर्षं कुणी हात लावायची गरज नाही," मी छाती फुगवून म्हणालो. "माझी गॅरंटी."

सबनीसांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली. "मग घेऊन जाऊ का रे, कर्णिक? तिथे सकाळचा वेळ जात नाही. आणि आता मुलगा म्हणतोच, एवढ्या प्रवासाची दगदग कशाला."

मी काकांकडे बघितलं. काका उठलेसुद्धा होते.

"अरे, तुझीच आहे. विचारतोस काय?" असं म्हणत त्यांनी केस आणली, आत मऊ फडकं अंथरलं, तारांचा एक जादा सेट ठेवला आणि क्लिपा स्वतः लावल्या. खाली जाऊन डिकीत आडवी ठेवूनही आले.

वर आल्यावर काकांनी रिकाम्या कपाटाचं दार लावलं. मग मीच म्हणालो, "काका, मी बसू का समोर? काढा एखादी."

आम्ही बसलो. पण मी पडलो उजवा. माझा हात एकीकडे जाई, काकांचा दुसरीकडे. दोन ओळींत त्यांचा गुंता झाला. "राहू दे," ते म्हणाले. "चहा गार झाला तुझा. दुसरा टाकतो."

सबनीस त्यानंतर आलेले नाहीत. गिटार उत्तम चालली आहे, असा निरोप मात्र काकांमार्फत येतो.

महिन्याभराने काकांचा फोन आला की इटालियन गिटार खरखर करते. मी मुलुंडला गेलो. तिला काहीही झालेलं नव्हतं. मी तासभर बघितली. पुढच्या महिन्यात दुसरी खरखर करायला लागली.

धंद्यात यातून मी दोन गोष्टी शिकलो. गिटार रिपेअरला आली की आधी विचारायचं, वाजवतं कोण आणि कुठल्या हाताने. आणि दुसरं, पाच वर्षांची गॅरंटी कुणालाच द्यायची नाही. काम कितीही चांगलं झालं तरी आता मी सहा महिनेच सांगतो.