हात न लावता बदलणारा आकडा

आमच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या प्रोग्रामरला सगळं ऑफिस ‘चुळबुळ्या’ म्हणतं. नाव त्याच्या ताईनं ठेवलेलं, आणि इतकं चपखल की खरं नाव आता पगाराच्या चिठ्ठीवरच उरलंय. बोलता बोलता तो तुमच्या पेनाचं टोपण काढतो, घालतो, पुन्हा काढतो आणि शेवटी पेन स्वतःच्या खिशात घालून चालू लागतो. फोन हातात असला की अंगठा वर-खाली, वर-खाली. झोपेतही चालत असावा.

यंदा त्यानं पहिल्यांदाच एकट्यानं एक ॲप केलं, तेही ताईच्या नवऱ्यासाठी. भावोजी दातांचे डॉक्टर. पेशंटनं बाहेर बसून फोनवर बघायचं, आत कितवा नंबर चालू आहे, आणि आपला आला की उठायचं. कंपाउंडरला घसा फोडायला नको. चुळबुळ्यानं नातेवाइकांत याचा एवढा डंका पिटला की चुलत आत्यानं फोन करून अभिनंदन केलं.

मग भावोजींचा फोन आला. आत सात नंबरची पाळी, आणि बाहेर सगळ्यांच्या फोनवर चार. खुर्ची रिकामी. गंमत म्हणजे पेशंटांपैकी कुणी चकार शब्द काढला नव्हता. दात उपटून घ्यायला आलेल्या माणसाला नंबर पुढे सरकत नाही याचं दुःख कशाला होईल? भावोजींनी शनिवारपर्यंत मुदत दिली. नाहीतर ॲप बंद, कंपाउंडरचा घसा चालू, आणि चुलत आत्याला काय सांगायचं ते ज्याचं त्यानं बघावं.

ऑफिसात चुळबुळ्यानं पुन्हा पुन्हा तपासलं. आकडा दर वेळी बरोबर. दवाखान्यात जाऊन बाकावर बसला, तिथंही बरोबर. तसं त्यानं भावोजींना दाखवलं.

“तुझ्या हातात चालतंय रे,” भावोजी म्हणाले. “पेशंटागणिक तुझा हात कुठून आणू?”

ताई तिथंच होती, नवऱ्याच्या हाताखाली मदतीला. आता आलाच आहे तर त्याची ठणकणारी दाढ बघून टाका, असं तिनं नवऱ्याला सुचवलं. त्यानं कामाची निकड सांगितली, मीटिंग सांगितली, पोट रिकामं असल्याचं सांगितलं. ताईनं त्याला खुर्चीत बसवलं, फोन त्याच्या हातातून काढून समोरच्या ट्रेवर उभा केला आणि तिथूनच काम कर म्हणाली.

तोंडात कापूस, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांना गच्च. जन्मात पहिल्यांदा त्याचे हात एका जागी राहिले. तेवढ्यात कंपाउंडरनं कॉम्प्युटरवर नंबर पुढे सरकवला. तिकडे पाच. फोनवर चार. चुळबुळ्या बघत राहिला. चारच.

आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नवा आकडा आणायचं काम ॲपमध्ये मागच्या मागे चालायचं, म्हणजे तोवर फोन अडकून पडू नये. आकडा यायचा, बदलायचासुद्धा. पण ‘मी बदललो’ ही वर्दीही तो मागच्या मागेच द्यायचा, आणि पडदा रंगवणारा भाग ऐकतो फक्त पुढच्या दारावरची. दिवाणखान्यातल्या पाहुण्याला स्वयंपाकघरातून कुजबुजून जेवायला बोलवावं, त्यातली गत. बोट लागलं की पडदा नव्यानं रंगायचा आणि जाता जाता आकडाही सुधारायचा. याचा अंगठा कधी थांबलाच नाही, मग चूक दिसणार कशी? पेशंट बिचारे फोन दोन्ही हातांनी धरून, श्वास रोखून बसायचे.

“आऽ आआ!” चुळबुळ्या म्हणाला.

“दुखतंय?”

“आं हां! आ-आ!”

“अगं, अजून थोडी भूल भर,” भावोजी ताईला म्हणाले.

जीभ जागेवर यायला बराच वेळ लागला. तोवर अर्धा ओठ लोंबकळत असताना त्यानं बाकावर बसूनच दुरुस्ती केली. वर्दी पुढच्या दारावर द्यायची, एवढाच बदल. अर्धवट भरलेली दाढ पुढच्या वेळेवर ढकलून तो पसार झाला.

शनिवारी बाकावरच्या एका आजोबांच्या तळहातावर, कुणी हात न लावता, चाराचे पाच झाले. आजोबांचा नंबर पाच. त्यांनी फोन हळूच उपडा ठेवला आणि छताकडे बघत बसले. पण शेजारणीच्या फोनवरही पाच, पलीकडच्याच्याही पाच. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

“पूर्वीचंच बरं होतं हो,” उठता उठता ते कंपाउंडरला म्हणाले. “धीर गोळा करायला वेळ मिळायचा.”

भावोजींनी दारातून मान डोलावली. ॲप राहिलं. खात्री करायला आलेला चुळबुळ्या आनंदानं जिन्याकडे निघाला, तेव्हा ताईनं हसत सांगितलं की सहावा नंबर तिनं त्याच्याच नावावर लावलाय.

सहाचा आकडा अगदी वेळेवर आला.