वहिनीला घाण वास आला!

आमच्या वहिनीचं घर तिच्या नाकावर चालायचं. साबणाच्या कारखान्यात लगदा साच्यात ओतायच्या आधी ती हुंगायची. तिने मान डोलावली की ओतायचा, नाक मुरडलं की थांबायचं. मी तिथेच पॅकिंगला आहे, त्यामुळे तिची मिजास रोज बघायचे.

आणि साबणाच्याच ओल्या फरशीवर बाईसाहेब घसरल्या! डोकं मागून आपटलं. खोक भरली, पण वास गेला तो गेलाच. दूध करपलं तरी ही ढिम्म शेजारी उभी. मला तर नाटकच वाटलं. मार मागे, नाक पुढे, संबंध काय?

डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं. नाकाच्या छताला चाळणीसारखं हाड असतं. त्याच्या भोकांतून अगदी बारीक तंतू वर मेंदूत जातात. दणक्याने मेंदू आतल्या आत हलला आणि तंतू तुटले. "परत वाढू शकतात," त्या म्हणाल्या, "पण वाढतीलच असं नाही." तोवर साहेबांनी वहिनीला माझ्या शेजारी पॅकिंगला बसवलं आणि तिच्या जागी माणूस शोधायला लागले. वहिनी रोज लिंबू हुंगायची, लवंग हुंगायची, वास कसलाच यायचा नाही. मला बघवायचं नाही.

परवा गुलाबाचा साबण गुंडाळताना ती किंचाळली, "थांबवा! सगळा माल वाया गेलाय. जळकं रबर!"

पट्टा थांबला. साहेब धावत आले. सगळ्यांनी हुंगलं. चांगला घमघमाट!

"डोकं फिरलंय का तुझं?" मी चारचौघांत खेकसले आणि वडी तिच्या नाकाशी धरली. "गुलाब आहे हा!"

"रबर!"

"गुलाब!"

"अगं, डोकं उठलं माझं त्या वासाने!"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. "अगं बाई! वहिनी, तुला वास आला!"

तिने माझ्या हातातली वडी हिसकावली आणि पर्समध्ये टाकली.

तशाच ॲप्रनवर आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी टाळीच वाजवली. नवे तंतू चाळणी ओलांडून मेंदूपर्यंत पोचलेले दिसतात, म्हणाल्या, फक्त जोडणी चुकलीय. म्हणून गुलाबाचं रबर झालं. हुंगत राहिलं तर बरेचदा हळूहळू सुधारतं.

वहिनीने पर्समधून वडी काढली आणि डोळे मिटून छाती भरून हुंगली.

"शी! काय घाण येतेय गं!" म्हणाली, आणि आनंदाने हमसून हमसून रडायला लागली.