खाऊ ओळखला म्हणून

"हिनीच उघाडा व्हई डबा," अक्का म्हणाल्या, आणि सगळ्या पोरी माझ्याकडे वळल्या.

अक्का म्हणजे पाटलाच्या घरची थोरली बाई. भडगावजवळच्या आमच्या गावात त्यांच्या ओसरीवर भाद्रपदाच्या पौर्णिमेला गुलाबाई बसायची. मातीची पार्वती, शेजारी मातीचा महादेव. पार्वती माहेरी आली म्हणून कोजागिरीपर्यंत पोरींनी रोज संध्याकाळी गाणी म्हणायची. मग घरची बाई झाकलेला डबा वाजवणार आणि आत कोणता खाऊ आहे ते पोरींनी ओळखायचं. पोरी ओसरीवर. मी ओसरीखाली, कारण आम्ही भिल्ल. गाणी मला सगळी पाठ होती. खालून म्हणायचे.

त्या दिवशी कोणालाच ओळखेना. फुटाणे झाले, रेवड्या झाल्या, खोबरं झालं. मी खालून म्हटलं, "गुळदाणे."

"तुले कसं समजनं?" अक्कांनी विचारलं.

त्यात काय समजायचं होतं? सबंध दुपार त्यांच्याच खळ्यात माय आणि मी भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. माझी बोटं सोलवटली होती. चुलीवर गूळ चढला त्याचा वास खळ्यापर्यंत आला होता. मी तसंच सांगितलं. त्यावर अक्का म्हणाल्या की डबा मीच उघडला असेल. डबा बाटला असं ठरलं. त्यांनी तो माझ्या पायाशी मातीत उपडा केला आणि सगळे दाणे उचलायला सांगितले.

"उचल आते. बठ्ठा उचल. तुन्हाच शे."

पोरी हसल्या. एकीने कुत्र्याला हाक मारली.

दाणे मी सोललेले चालले. त्यांचं नाव मी घेतलेलं चाललं नाही.

मला भूक होती, ते लपवत नाही. हात खाली गेलासुद्धा. तेवढ्यात ओसरीवरची गुलाबाई दिसली. अक्कांनीच पहिल्या दिवशी सांगितलेली गोष्ट आठवली. पार्वतीने भिल्लिणीचं रूप घेतलं, महादेव भुलला, म्हणून हा सण. मी हात मागे घेतला.

"अक्का, गुलाबाई बी भिल्लीणच व्हयनी ना? मंग ती वर कशी बठनी?"

अक्कांनी रिकामा डबा फेकून मारला. कपाळावर खूण अजून आहे. दाण्यांना मी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मायला खळ्यावरून हाकललं. ती मला रागावली नाही. "आते दुसरं गाव दखू," म्हणाली आणि गाठोडं बांधायला लागली.

आज मी जळगावात नर्स आहे, मेहरूणला राहते. गल्लीतल्या पुष्कळ पोरी माझ्या हातावर जन्मल्या. अडलेल्या बाईने कधी माझी जात विचारली नाही. गुलाबाई बसली की मात्र त्याच घरांतल्या सासवा मला बोलावतात आणि माझा पाट उंबऱ्याबाहेर मांडतात.

मी तो पाट उचलते. गुलाबाईसमोर नेऊन ठेवते आणि बसते. गाण्याआधी भिल्लिणीची गोष्ट सांगते, आणि मी कोणाची तेही सांगते. गेल्या साली तिघी उठून गेल्या. मी गोष्ट पुरी केली.

यंदा सगळ्या उठल्या तरी पुरी करणार.