घरावरून जाणारी वाट

नवस बायकोने बोलला आणि चालायचं मी, असा सगळा प्रकार होता. म्हणजे चालायचं दोघांनी, जोडीनेच. माझ्या छातीत कळ येऊन मला पनवेलला नेलं, तेव्हा आत डॉक्टर माझ्या हृदयाच्या नळीत काय अडकलंय ते बघत होते आणि बाहेर बाकड्यावर बसून हिने देवाला शब्द दिला: हे घरी आले तर आम्ही दोघं अष्टविनायक पायी करू. मला ते कळलं घरी आल्यावर, पुष्कळ दिवसांनी. मी म्हटलं, "मला एकदा विचारायचंस तरी."

"तुमी तवा बोलायच्या परिस्थितीत व्हता का?" ती म्हणाली.

वर्षभराने डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली. खरं सांगायचं तर ते नाही म्हणतील या आशेवर मी होतो.

नवसाचे नियम तिचे होते. वाहनात बसायचं नाही, गादीवर झोपायचं नाही आणि आठही गणपती होईपर्यंत स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. रस्ता ठरवणं तेवढं माझ्याकडे. साजगावच्या कारखान्यात मालाच्या गाड्या कुठून कुठे पाठवायच्या हे ठरवण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे हे काम म्हणजे डाव्या हातचा मळ. आधी महड, मग पाली, म्हणजे सपाटीवर पाय सरावतील. तिथून मागे फिरून खोपोलीला यायचं आणि घाट चढायचा. आमच्या पळसदरीहून निघालेला माणूस अशाने काही दिवसांतच परत आपल्या घराच्या शेजारी येऊन उभा राहतो, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

निघताना गावातल्या पोरांनी स्टेशनच्या रस्त्यावर आमचा फलक लावला. फोटो पुतण्याच्या लग्नातला, त्यात मी फेटा बांधून असा उभा की जणू नवरदेव मीच. हार घातले, नारळ फोडला. मला बोलायला सांगितलं तर मी भाषणच ठोकलं. श्रद्धा, निश्चय असले शब्द वापरले. हिने तोंडाला पदर लावला होता. लोकांना वाटलं रडतेय. ती हसत होती, मला ओळखून होती ना.

महडपर्यंत मजेत गेलो. शेतात वाल लागलेला, आंब्याला मोहर, वाटेत ओळखीचे लोक थांबवून चहा पाजत होते आणि पाया पडत होते. पाया पडून घ्यायला मला आवडलं, हेही सांगून टाकतो. पालीच्या रस्त्यावर मात्र ओळखीचं कोणी भेटेना. नुसते ट्रक आणि धूळ. रात्री फरशीवर सतरंजी. हिच्या टाचेला माझ्यापेक्षा मोठा फोड आला होता, पण ती त्याला हळद लावून गप्प राहिली. मी माझ्या फोडाची बातमी दर अर्ध्या तासाला देत होतो.

पालीहून परत खोपोलीला आलो तेव्हा दुपार कलली होती. समोर घाट उभा. दुरून डोंगर साजरे म्हणतात, मला तो दुरूनही साजरा दिसेना. मुक्काम एका देवळाच्या मागच्या खोलीत होता. तिथे जाताना स्टेशन लागलं आणि आत कर्जतची गाडी उभी दिसली. या गाडीत बसलं की थोड्या वेळात पळसदरी. घर, गरम पाणी, माझी गादी. मी रस्त्याच्या कडेला एका पायरीवर बसकण मारली.

"एक रात घरी जाऊ या का गं?" मी म्हटलं. "सकाळी पहिल्या गाडीने परत इथंच यायचं, इथूनच पुढं चालायचं. कोणाला कळतंय?"

माझ्याकडे नीट बघून तिने विचारलं, "अवो, छातीत दुखतंय का?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. खाली बघत राहिलो.

तिने दोन्ही पिशव्या उचलल्या. दवाखान्यात जाऊ म्हणाली, मी म्हटलं, घरी पडलो की बरं वाटेल. ती माझा दंड धरून मला गाडीत घेऊन गेली. फोड आलेल्या पायाने इतकी भरभर चालताना मी तिला त्या सगळ्या वाटेत पाहिलं नव्हतं. पळसदरीला उतरल्यावर फलक चुकवायला मी मागच्या बाजूने चल म्हणत होतो. ती सरळ त्या फलकाखालून गेली, वर बघितलंसुद्धा नाही. आणि घरी पोचल्यावर कुलूप काढून, उंबऱ्याकडे न बघता, माझ्या गोळ्या शोधायला आत धावली.

तिने देवाला दिलेला शब्द तिने माझ्यासाठी पायाखाली घातला होता, आणि मला फक्त गादी हवी होती.

तेवढ्यात तुळशीला दिवा लावायला शेजारची वैनी आली. आमची दुसरी किल्ली तिच्याकडे असायची. हिने तिला सांगितलं, "ह्यांच्या छातीत दुखतंय," आणि वैनीने हातातला दिवा तसाच ठेवून गल्लीभर हाका मारल्या. बघता बघता घर भरलं. निघताना मला हार घालणारीच ही माणसं. कोणी वारा घालतंय, कोणी पाय चोळतंय. समोरच्याने टेंपो दारात लावला आणि आत गादी टाकली. "काका, उठू नका, आमी उचलतो," म्हणाला. दोघांनी माझ्या काखेत हात घातले.

"मला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "छातीत दुखत नाही, दुखतही नव्हतं. चालायचा कंटाळा आला होता."

हसलं असतं कोणी तर बरं झालं असतं. टेंपोवाला म्हणाला, "ब्येस झालं काका. आमचा जीव टांगणीला लागलेला." वैनी म्हणाली, "देव पावला. नायतर काय केलं असतं हिनं?" आणि एकेक करून सगळे निघून गेले. जाताना चपला घालतानासुद्धा कोणी टोमणा मारला नाही. घरात लाजेने माझी मान वर होईना.

ही भिंतीला टेकून खाली बसली होती. मी म्हटलं, "शिव्या दे."

"परवापासनं पुन्ना महडपासनं," ती म्हणाली. "देवाला काय सांगायचं ते मी सांगीन." मग उठून माझ्याजवळ आली. "आता खरं सांगा. लोकांम्होरं लाज वाटली म्हणून नाय म्हणालात का? दुखत व्हतं ना?"

"नाही गं. अजिबात नाही."

तिचा विश्वास बसेना. तिने माझ्या शर्टाच्या आत हात घालून छातीवर ठेवला आणि डोळे मिटून बसली. काळीज अगदी नीट, संथ चाललं होतं. तिला ते पटेपर्यंत मी तसाच पडून राहिलो, आणि आपण इतके धडधाकट आहोत याची मला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली.